खरी थाप, खोटी थाप

सप्टेंबर २०१० मधली गणपती विसर्जनाची ती दुपार आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदांना नक्की आठवत असेल. दोन ढोल, दोन ताशे आणि सहा झांजा एवढाच आपला सरंजाम. "गणपती बाप्पा मोरया"चा गजर झाला, ताशाने तर्री धरली, ढोलावर पहिले टिपरू पडले आणि दहा-बारा सेकंदांत माइक, की-बोर्ड आणि चहाचा बॉयलर एकदम बंद! ढोलवाले आपल्याच नादात वाजवत राहिले, गुरुजी मुक्या माइकवर आरती सांगत राहिले आणि स्वयंपाकघरातून "चहा झाला नाही हो!" अशी आरोळी आली.

इंग्लंडमधल्या सार्वजनिक हॉलच्या भिंतीवर पुष्कळदा एक लहानशी डबी असते. तिच्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन दिवे. आवाज ठरावीक मर्यादेच्या वर काही सेकंद राहिला की ही डबी हॉलमधल्या प्लगांची वीज तोडते. बँडवाल्यांना गप्प करायची ही साहेबी युक्ती. आपला ढोल विजेवर चालत नाही हे त्या डबीला कोण सांगणार? हॉलचे व्यवस्थापक आले, हसून बोलले, पण पुढच्या वर्षीच्या करारात एक ओळ वाढली: ढोल-ताशे आणायचे नाहीत.

त्या वर्षी सांस्कृतिक कार्यक्रमांची जबाबदारी माझ्याकडे होती. समितीच्या बैठकीत मी सहज बोलून गेलो, "ढोल नाही तर नाही, ढोलाचा आवाज तर आणता येईल!" बोलणाऱ्याचे काय जाते? पण ते एक वाक्य मला पुढे कित्येक वर्षे पुरले. इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या यंत्रात आपले स्वतःचे आवाज कसे भरतात हे शिकता शिकता मी त्या तंत्राच्या इतिहासात शिरलो, आणि तिथून थेट परळच्या आमच्या चाळीत, अण्णांच्या ढोलकीपाशी जाऊन पोहोचलो. त्या प्रवासाची ही हकिकत.

थापेचे शास्त्र

मराठीत 'थाप' या शब्दाचे दोन अर्थ. ढोलकीवर पडते ती थाप आणि दुसऱ्याला मारतो तीही थाप. हा लेख दोन्हींविषयी आहे म्हणा ना!

ढोलकीवरची थाप म्हणजे नेमके काय, याचा पहिला शास्त्रीय विचार आपल्याकडे सर सी. व्ही. रामन यांनी केला. १९२० साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' या नियतकालिकात भारतीय तालवाद्यांवर टिपण लिहिले आणि १९३४ मध्ये त्याच विषयावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. साध्या गोल कातड्यावर काठी मारली तर त्यातून एकाच वेळी अनेक कंपने निघतात. मूळ कंपन १ धरले तर पुढची साधारण १.५९, २.१४, २.३० अशी येतात. हे पूर्णांक नाहीत, म्हणून पाश्चात्त्य ड्रममधून गोंगाट येतो, स्वर येत नाही. आपल्या पूर्वजांनी मृदंग-तबल्याच्या मधोमध शाई लावली आणि ही कंपने १, २, ३ अशा पूर्णांकांच्या जवळ आणून ठेवली. म्हणून तबला 'सूर' लागतो. ढोलकीच्या चाटीवरची शाई तेच काम करते. फूरियेचे गणित न शिकता, केवळ कानाने साधलेली ही करामत आहे.

हे सांगायचे कारण असे की, हीच गोष्ट पुढे मला आडवी आली. स्वरात लावलेले वाद्य यंत्रात भरले की तो स्वरही त्यात कायमचा बंद होतो.

आवाजाचे तुकडे

आवाज आकड्यांत कसा साठवतात? सिनेमात सेकंदाला २४ चित्रे दाखवली की आपल्याला हालचाल दिसते, तसेच हे. आवाजाच्या लहरीची उंची सेकंदात हजारो वेळा मोजायची आणि ते आकडे ओळीने लिहून ठेवायचे. वाजवताना तेच आकडे त्याच वेगाने परत वाचायचे. किती वेळा मोजायचे याचा पाया हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या लेखांत सापडतो. जेवढा उंच आवाज पकडायचा त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजा, की झाले. माणसाचा कान साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे ठरली.

मोजमाप किती बारीक हेही महत्त्वाचे. ८ बिटांत उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या मिळतात, तर १६ बिटांत ६५,५३६. म्हणजे सीडीच्या दर्जाचा एका कानाचा एक सेकंद ठेवायला ८८,२०० बाइट लागतात. आज हा आकडा हास्यास्पद वाटतो. पण १९८० मध्ये तेवढ्या मेमरीसाठी चांगलेच पैसे मोजावे लागत, आणि पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीने घडवला.

लिन, सिमन्स आणि एका चिपवरची झांज

खऱ्या ड्रमचे आवाज आकड्यांत साठवून वाजवणारे पहिले ड्रम मशीन म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रॉजर लिन यांनी १९८० साली आणलेले 'एल-एम-वन'. त्याआधीची यंत्रे, आणि त्याच वर्षी आलेले रोलँडचे प्रसिद्ध 'टी-आर ८०८' सुद्धा, विजेच्या मंडलांतून ड्रमसारखा आवाज घडवीत. लिन यांनी आर्ट वुड या लॉस एंजेलिसच्या वादकाकडून खरे ड्रम वाजवून घेतले, ते ८ बिटांत आणि सेकंदाला सुमारे २८,००० मोजमापांनी साठवले आणि चिपांवर बसवले. यंत्राची किंमत होती सुमारे ५,००० डॉलर, आणि विकली गेली ती फक्त पाचशेच्या आसपास. पण ज्यांनी घेतली त्यांच्यात प्रिन्ससारखे लोक होते, त्यामुळे तो आवाज जगभर गेला.

गंमत म्हणजे या यंत्रात मोठी झांज, म्हणजे क्रॅश सिंबल, नव्हतीच! ढोलाचा ठोका क्षणात संपतो, पण झांज दोन-तीन सेकंद झणझणत राहते आणि तेवढी मेमरी परवडत नव्हती. १९८२ मध्ये चिपा स्वस्त झाल्यावर आलेल्या 'लिनड्रम'मध्ये झांजेला जागा मिळाली. त्याच्या चिपा बदलून दुसरे आवाजही बसवता येत. म्हणजे 'आपला आवाज यंत्रात' ही कल्पना तेव्हापासूनची.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची. लंडनहून पाहुणे आले की आपण त्यांना रोमन अवशेष दाखवायला सेंट ऑल्बन्सला नेतो. त्याच गावात डेव्ह सिमन्स यांची कंपनी होती. १९८१ साली त्यांनी 'एस-डी-एस फाइव्ह' हा षट्कोनी पॅडांचा इलेक्ट्रॉनिक ड्रम आणला. ऐंशीच्या दशकातले पॉप संगीताचे कोणतेही चित्रीकरण काढून बघा, ते मधाच्या पोळ्यासारखे पॅड दिसतीलच. १९८३ च्या 'एस-डी-एस सेव्हन'मध्ये साठवलेले खरे आवाज आले. त्याच्या जोडीला सिमन्सनी एक छोटी पेटी विकायला काढली. माइकसमोर वाजवा, आवाज पेटीत पकडा आणि तो एका रिकाम्या चिपवर 'भाजा'. ती चिप ड्रमच्या यंत्रात खोचली की तुमचा स्वतःचा आवाज तयार. आवडला नाही तर चिपच्या पाठीवरच्या काचेच्या इवल्या खिडकीतून अतिनील प्रकाश पाडून पुसा आणि पाटी पुन्हा कोरी करा. आज आपण माउसच्या एका क्लिकने करतो तेच काम, पण हाताने आणि सावकाश.

पुढची पायरी अमेरिकेत. ई-म्यू कंपनीच्या 'एस-पी १२०० 'मध्ये (१९८७) सगळे आवाज मिळून १० सेकंदांची जागा होती. न्यूयॉर्कच्या पोरांनी यावर नामी उपाय काढला. तेहतीसच्या गतीची तबकडी पंचेचाळीसवर वाजवून ती घाईघाईत यंत्रात भरायची आणि मग यंत्रात तिचा वेग उतरवायचा. दहा सेकंदांत साडेतेरा सेकंद मावत! त्यात आवाज थोडा खरबरीत होई आणि तोच खरबरीतपणा पुढे शैली म्हणून मिरवला गेला. १९८८ मध्ये रॉजर लिन यांनीच अकाई कंपनीसाठी सोळा पॅडांचे 'एम-पी-सी ६० ' केले आणि आवाज भरणे, कापणे व वाजवणे एकाच पेटीत आले.

तुलनेसाठी सांगतो. रोलँडच्या 'एस-पी-डी एस-एक्स' या २०११ च्या नऊ पॅडांच्या यंत्रात २ जीबी मेमरी होती. म्हणजे सीडीच्या दर्जाचे एका कानाचे सुमारे सहा तास. १९८७ साली दहा सेकंद, २०११ साली सहा तास!

१९८२: परळ आणि लंडन

आता थोडे घरचे. अण्णा परळच्या गिरणीत साचाखात्यात कामाला होते. संध्याकाळी चाळीच्या भजनी मंडळात आणि अधूनमधून कलापथकात ढोलकी वाजवत. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचा एक कान लवकर गेला, पण ढोलकी लावताना ते कान चाटीला टेकवून बसत आणि सूर अचूक लावत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढचे आपल्यापैकी अनेकांना घरचेच ठाऊक आहे. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, तो विझत गेला. अण्णा परत साच्यावर गेले नाहीत. काही वर्षे लग्नसराईत आणि गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर ढोलकी वाजवून मिळणाऱ्या पैशावर आमची फी भरली गेली.

योगायोग बघा. त्याच १९८२ सालच्या मे महिन्यात ब्रिटनच्या वादक संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांच्यावर बंदी घालावी असा ठराव केला. यंत्रामुळे वादकांच्या पोटावर पाय येतो, ही तक्रार. ठरावाची पुष्कळ थट्टा झाली आणि बंदी काही आली नाही. इथे आल्यावर मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला थट्टा करावीशी वाटली नाही.

कारण आमच्याकडेही ते यंत्र आलेच. रोलँडने १९८५ मध्ये 'ऑक्टापॅड' काढला. आठ रबरी चौकोन, बस्स. पहिल्या ऑक्टापॅडमध्ये स्वतःचा आवाजच नव्हता. काठी पडली की तो 'अमुक पॅड, एवढ्या जोराने' असा निरोप तारेतून शेजारच्या पेटीला पाठवायचा आणि आवाज ती पेटी काढायची. हा निरोप ज्या भाषेत जातो ती 'मिडी' भाषा १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी एकत्र येऊन स्वीकारली. त्यासाठी झटलेले रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाले. मुंबईच्या वाद्यवृंदांनी तर हे यंत्र इतके आपले केले की, कोणत्याही कंपनीचा पॅड असो, आपण त्याला 'ऑक्टोपॅड'च म्हणतो. त्याच दशकात बंगळुरूच्या रॅडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबला घरोघर पोहोचवले, तेही याच लाटेतले.

आमच्या चाळीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा आला तेव्हा काँगो, बाँगो, तबला आणि ढोलकी या चौघांच्या जागी एक सडपातळ पोरगा दोन काठ्या घेऊन उभा होता. वाजवलेही छान त्याने. अण्णा मागच्या खुर्चीवर बसून शेवटपर्यंत ऐकत होते. घरी येताना एवढेच म्हणाले, "पोरगा तयारीचा आहे. पण चार माणसांची भाकरी त्याच्या दोन काठ्यांवर आहे." त्यानंतर ऑर्केस्ट्राची बोलावणी कमी होत गेली. ढोलकी खुंटीला लागली ती फक्त भजनापुरती उतरू लागली.

एकच थाप द्या

डिसेंबर २०११ मध्ये मी सुट्टीवर घरी गेलो तो हातात मावणारा रेकॉर्डर घेऊनच. अण्णांना भीत भीत विचारले, "अण्णा, तुमच्या ढोलकीचा आवाज त्या पॅडात भरू का? आमच्या मंडळासाठी." मला वाटले, नाही म्हणतील. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझी थाप तिकडं कोण वाजवणार?" मी म्हणालो, "मंडळातली पोरं." "त्यांना कोणाची आहे ते सांगशील?" "सांगेन." "आणि विकायची नाही." मी कबूल केले.

हे ते उगाच म्हणाले नव्हते, हे मला नंतर कळले. १९६९ साली 'द विन्स्टन्स' या अमेरिकन बँडच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ग्रेगरी कोलमन या वादकाने जेमतेम सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा वाजवला. पुढे तो तुकडा हजारो गाण्यांत कापून वापरला गेला. आपल्या मुलांचे जंगल आणि ड्रम अँड बेस नावाचे जे संगीत नव्वदच्या दशकात इथे इंग्लंडमध्ये गाजले, त्याचा पायाच तो. कोलमन २००६ मध्ये हलाखीत वारले. त्या तुकड्याचा एक पैसाही त्यांना मिळाला नव्हता. २०१५ मध्ये इथल्या काही चाहत्यांनी वर्गणी काढून २४,००० पौंड जमवले आणि बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. पण ज्याचे हात होते तो ते बघायला नव्हता.

असो. रेकॉर्डिंगला आम्ही बसलो दुपारी दोनला, चाळ झोपते त्या वेळी. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजचे बटणही बंद. भिंतींवरून आवाज उलटून येऊ नये म्हणून आईने दोरीवर तीन गोधड्या टाकल्या. मी म्हणालो, "अण्णा, चाटीवर एकच थाप द्या आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा."

आणि तिथेच घोडे अडले. चाळीस वर्षे ढोलकी वाजवलेल्या माणसाला एकच थाप देता येईना! जी पडे ती मेलेली, कोरडी. तेच वैतागून म्हणाले, "अरे, थाप एकटी नसते. मागची नसेल तर पुढची कुठून येणार?" मग ठेका वाजवून घेतला, तर आता थापा जिवंत, पण एकीच्या शेपटीवर दुसरी चढलेली, कापायच्या कशा? शेवटी तोडगा त्यांनीच काढला. अख्खा ठेका मनात म्हणायचा आणि त्यातली हवी तेवढी एकच थाप खरी वाजवायची. डोळे मिटून, मान हलवत, ते मनातल्या मनात आवर्तन घेत आणि नेमक्या मात्रेवर हात पडे. अशा दोन दुपारी मिळून २१४ थापा झाल्या. चाटीवरची उघडी थाप, दाबलेली थाप, कडेची टिचकी, धुमेवरची थाप आणि तळव्याने कातडे दाबत नेल्यावर येणारा तो घुमारा. मधे एक कावळा आणि एक कुकरची शिट्टीही आहे. पुण्याला जाऊन एका मित्राच्या पथकाचे ढोल-ताशेही मोकळ्या मैदानात टिपून आणले.

कापाकापी

इकडे आल्यावर काम संगणकावर. 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर मी वापरले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते सुरू केले आणि २००० साली ते सगळ्यांसाठी खुले झाले. पूर्वी ज्याला लाखाचा स्टुडिओ लागे ते काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर होऊ लागले, ही या पिढीतली खरी क्रांती.

कृती पाककृतीसारखीच आहे. पडद्यावर थाप म्हणजे डोंगरासारखी दिसते. सरळ कडा आणि मग लांब उतार. कड्याच्या अगदी आधी कापायचे, आणि तेही लहर शून्य रेषा ओलांडते तिथे, नाहीतर 'टक्' असा आवाज येतो. शेवटी उतार हळूहळू शून्यावर न्यायचा. सगळ्या तुकड्यांची पातळी एकमेकांशी जुळवायची. मग ४४,१०० आणि १६ बिट या मापात 'वेव्ह' फाइल करून, नीट नाव देऊन यंत्रात पाठवायची. 'एस-पी-डी एस-एक्स'बरोबर त्यासाठी एक छोटे सॉफ्टवेअर येत असे. फाइल ओढून पॅडच्या चित्रावर टाकली की काम झाले.

इतके सोपे? २०१२ च्या गणपतीत माझी फजिती झाली ती ऐका. आवाजाचा डोंगर कापला जाऊ नये म्हणून मी भीतीने प्रत्येक तुकड्याच्या आधी थोडी शांतता ठेवली होती. किती? सेकंदाचा पंचविसावा भाग. डोळ्याला दिसतही नाही. पण झांजा वाजवणाऱ्या काकू पहिल्या मिनिटातच ओरडल्या, "अहो, ढोल मागे पडतोय!" मी जोर लावून लवकर मारू लागलो तर सगळ्यांचाच ताल गेला. दुसऱ्या दिवशी घरी बसून सगळे तुकडे पुन्हा कापले. तालात सेकंदाचा पंचविसावा भाग म्हणजे फार मोठे अंतर आहे, हे मला पुस्तकाने नाही, काकूंनी शिकवले.

दुसरी अडचण मघा सांगितलेली. अण्णांनी ढोलकी काळी दोनमध्ये लावली होती आणि आपल्या गायिकेचा सूर निघाला काळी चार. खऱ्या ढोलकीची वादी ओढली की काम झाले. इथे तुकडा जलद वाजवून सूर चढवावा लागतो, दर अर्ध्या स्वराला सुमारे सहा टक्के जलद. दोन-तीन अर्धे स्वर चढवेपर्यंत ठीक. काळी दोन ते काळी चार म्हणजे पाच अर्धे स्वर, आणि मग ढोलकी खेळण्यातली वाटू लागते. गायिकेने मोठ्या मनाने सूर उतरवला.

आईचा अभिप्राय

अण्णा २०१३ च्या फेब्रुवारीत गेले. यंत्रातली त्यांची ढोलकी त्यांनी एकदाच ऐकली, फोनवरून. "बरं आहे," म्हणाले. ते फोनवर कशालाही बरंच म्हणत.

२०१४ मध्ये आई इकडे आली आणि गणपतीच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसली. लावणीला ढोलकी मी वाजवली. हिरव्या दिव्याच्या हद्दीत, आवाजाचे बटण हाताशी. कार्यक्रम झाल्यावर लोकांनी कौतुक केले. मी आईकडे बघितले. ती म्हणाली, "हात त्यांचाच आहे रे. पण ते इतकं सारखं कधी वाजवायचे नाहीत."

मला रात्रभर झोप आली नाही. कारण ती अगदी बरोबर होती. २१४ थापांमधून मी सर्वांत 'चांगल्या' नऊ निवडल्या होत्या आणि बाकीच्या फेकल्या होत्या. प्रत्येक वेळी तीच थाप, केसाचाही फरक नाही. जलद वाजवले की बंदुकीच्या फैरीसारखे वाटे. शिवाय हलकी थाप म्हणजे जोरदार थापेचा कमी केलेला आवाज नव्हे. हलक्या हाताने कातडे वेगळेच बोलते.

सुदैवाने मूळ रेकॉर्डिंग मी पुसले नव्हते. त्या हिवाळ्यात पुन्हा बसलो. एकाच थापेचे दोन वेगळे तुकडे घेऊन शेजारच्या दोन पॅडांवर ठेवले, एक उजव्या काठीसाठी आणि एक डाव्या. हलकी थाप तिसऱ्या पॅडावर. पुढच्या कडव्याला दुसरा संच, म्हणजे पुन्हा नव्या थापा. थोड्या बिघडलेल्या, थोड्या तिरक्या पडलेल्याही घेतल्या. एका थापेच्या शेपटीला अण्णांचा श्वास ऐकू येतो. आधी मी तो कापला होता. तो परत जोडला.

शेवटी एक विनंती

आता आपल्या मंडळातली चार मुले हे यंत्र माझ्यापेक्षा चांगले वाजवतात. शिकवायला बसलो की आधी थाप कोणाची ते मी सांगतो, तसे कबूल केले आहे म्हणून. मुलांनी गेल्या वर्षी विचारले, "काका, या फाइल सगळ्यांना फुकट का देत नाही?" लग्नाचे संगीत करणाऱ्या एका गृहस्थांनी पैसे देऊ केले होते, त्यांना नाही म्हणणे सोपे होते. मुलांना काय सांगायचे? 'विकायची नाही' असे अण्णा म्हणाले होते, 'वाटायची नाही' असे म्हणाले नव्हते. पण कोलमनची गोष्ट आठवली की हात आखडतो. एकदा फाइल सुटली की तिच्यावरचे नाव गळून पडायला वेळ लागत नाही.

बराच विचार करून मी एक मार्ग काढला आहे. ज्याला या थापा हव्यात त्याने बदल्यात एक आवाज आणावा. गावाकडचे कोणी संबळ वाजवत असेल, हलगी, दिमडी, तुणतुणे, भजनाचा पखवाज, काहीही. सुट्टीत जाल तेव्हा पंखा बंद करा, गोधड्या टांगा आणि अर्धा तास त्यांच्यासमोर बसा. मोबाइलवर टिपलेले असले तरी चालेल. वाजवणाऱ्याची परवानगी घ्या आणि त्याचे नाव, गाव, साल बोलून त्याच फाइलीच्या सुरुवातीला ठेवा. कापण्याचे काम मी करीन.

यंत्रातली थाप खोटी, हे मला मान्य आहे. आईनेच तसे सांगितले आहे. पण खरी थाप देणारे हात आता भराभर कमी होत आहेत आणि आपण वर्षा-दोन वर्षांनी पंधरा दिवस जाणारी माणसे. पुढच्या सुट्टीची तिकिटे काढाल तेव्हा सामानात एक रेकॉर्डर टाका, एवढेच सांगणे.

आणि हो, पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी 'एकच थाप द्या' असे म्हणू नका. आधी ठेका ऐका.